वजनाचं इंजेक्शन: आधी काय तपासायचं, कसं घ्यायचं आणि पुढे काय

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड (माउंजारो) आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचा वजनासाठीचा डोस (वेगोव्ही) भारतात आला. तेव्हापासून दवाखान्यात पहिला प्रश्न येतो तो ‘कोणतं इंजेक्शन घेऊ?’ हा. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती, त्यामुळे हा प्रश्न आता आणखी घरांत विचारला जाणार. पण औषध निवडणं हा या उपचारातला छोटा भाग आहे. ही औषधं भूक कमी करतात, इतकंच. कमी झालेल्या भुकेत तुम्ही काय खाता त्यावर चरबी जाते की स्नायू जातात हे ठरतं. आणि औषध बंद केलं की भूक परत येते. म्हणून इथे इंजेक्शनाच्या आधीच्या आणि नंतरच्या कामालाही तेवढीच जागा दिली आहे.

आधी नीट मोजा

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. वजन ७८ किलो आणि उंची १६२ सेंटीमीटर असेल, तर ७८ भागिले (१.६२ × १.६२) म्हणजे २९.७. जागतिक मोजपट्टीवर ही व्यक्ती लठ्ठपणाच्या रेषेच्या जेमतेम अलीकडे आहे, पण भारतीयांसाठी ती रेषा बरीच आधी येते. आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, कारण तेवढ्याच बीएमआयला आपल्या शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि ती चरबी पोटात साठते.

त्यामुळे कंबर मोजायलाच हवी. टेप पँटच्या पट्ट्यावर किंवा परकराच्या नाडीच्या जागी लावू नका. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा, श्वास सोडा आणि मग आकडा वाचा. पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा. हे आकडे लक्षात राहत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, एवढं लक्षात ठेवा.

वजन आठवड्यातून एकदाच करायचं. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर आणि काटा फरशीवर ठेवून. रोजच्या वजनात मिठामुळे, पाळीमुळे, बद्धकोष्ठतेमुळे एक-दीड किलोचा चढउतार होतो आणि माणूस उगाच खचतो.

वजन वाढवणारी औषधं चालू आहेत का?

ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. तुमच्या सगळ्या चालू गोळ्या, इंजेक्शनं, मलमं, अगदी गावच्या वैद्याने दिलेल्या पुड्यासुद्धा पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. मधुमेहासाठीचं इन्सुलिन, ग्लिमेपिराइड आणि पायोग्लिटाझोन, मानसिक आजारांसाठीचं ओलान्झापिन, क्वेटियापिन, मिर्टाझापिन, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट, झोपेसाठी किंवा डोकेदुखीसाठी दिलेलं अॅमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठीचं अॅटेनोलॉल, दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन – यांतल्या प्रत्येकाने वजन वाढू शकतं. बहुतेकांना पर्याय आहेत. पण एकही गोळी मनाने बंद करू नका. फिटची किंवा मनोविकाराची गोळी अचानक सोडली तर वजनापेक्षा फार मोठं संकट उभं राहतं.

गुडघेदुखी किंवा दम्यावर ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड असण्याची शक्यता असते. चेहरा गोल होणं, पोट वाढून हातपाय बारीक राहणं, पोटावर जांभळट रुंद रेषा, जराशा धक्क्याने काळंनिळं होणं, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर नसणं, ही लक्षणं असतील तर कॉर्टिसोलची (शरीर स्वतः बनवतं त्या स्टिरॉइडची) तपासणी लागते. अशी पुडीही एकदम बंद करायची नाही. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं थांबलेलं असतं, त्यामुळे डोस हळूहळू उतरवावा लागतो.

थायरॉइडबद्दल एक मोठा गैरसमज आहे. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलेला असेल तर उपचार घ्यायलाच हवेत, पण त्यामुळे वाढलेलं वजन सहसा तीन-चार किलोच असतं आणि त्यातलं बरंचसं मीठ-पाणी असतं. थायरॉइड बिघडलेलं नसताना वजनासाठी थायरॉक्सिन घेणं धोक्याचं आहे. हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात.

सुरुवातीच्या तपासण्या: उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल, यकृताचे एन्झाइम, क्रिएटिनिन, टीएसएच, हिमोग्लोबिन, बी१२ आणि डी जीवनसत्त्व, पोटाची सोनोग्राफी. सोनोग्राफी फॅटी लिव्हरसाठी हवी तशीच पित्ताशयात आधीपासून खडे आहेत का हे कळण्यासाठीही हवी. ते पुढे उपयोगी पडतं. घोरणं मोठ्याने असेल, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहिलं असेल आणि दिवसा डुलक्या येत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. बायकांमध्ये पाळी अनियमित असेल तर पीसीओएसचा (बीजांडकोश आणि संप्रेरकांच्या बिघाडाचा) विचार होतो.

किती कमी करायचं?

‘लग्नाच्या वेळी होतं तेवढं’ हे उद्दिष्ट धरू नका. सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के कमी झाले की साखर आणि ट्रायग्लिसराइड उतरू लागतात. १० टक्क्यांना रक्तदाब, घोरणं आणि यकृताची सूज यांत ठळक फरक पडतो. नव्याने झालेला मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात येण्यासाठी साधारण १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरावं लागतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासात दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार तीन ते पाच महिने वैद्यकीय देखरेखीखाली दिला होता. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. असा आहार घरी, स्वतःच्या मनाने करायचा नसतो. पण औषधाविनाही किती पल्ला गाठता येतो, हे त्यातून दिसतं.

वरच्या उदाहरणातल्या ७८ किलोच्या व्यक्तीसाठी पहिलं उद्दिष्ट ७० किलो. मुदत सहा ते नऊ महिने.

ताट: प्रथिनं आधी

वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. उतरलेल्या वजनाचा पाव ते एक तृतीयांश भाग स्नायूंसारख्या बिनचरबीच्या ऊतींचा असू शकतो. वजन परत वाढतं तेव्हा मात्र बहुतेक चरबीच परत येते. असं दोन-तीनदा झालं की त्याच वजनाला माणूस आधीपेक्षा अशक्त असतो. हे टाळण्याचे दोनच उपाय आहेत: पुरेशी प्रथिनं आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम.

प्रथिनांचं माप उंचीनुसार योग्य असलेल्या वजनावर काढा. १६२ सेंटीमीटर उंचीला ते साधारण ६० किलो. किलोमागे १.२ ग्रॅम धरले तर दिवसाला ७२ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील.) आपल्या शाकाहारी जेवणात हे आपोआप होत नाही. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम ४ ग्रॅम प्रथिनं असतात. ७२ ग्रॅम असे जमतात:

सकाळी ४० ग्रॅम मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि अर्धी वाटी दही: १३ ग्रॅम. दुपारी ६० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, वाटीभर घट्ट दही, कोशिंबीर आणि पालेभाजी: २० ग्रॅम. संध्याकाळी मूठभर (३० ग्रॅम) फुटाणे आणि पेलाभर दूध: १२ ग्रॅम. रात्री एक पोळी, १०० ग्रॅम पनीर किंवा ४० ग्रॅम कोरड्या सोया चंक्सची भाजी आणि घट्ट वरण: २७ ग्रॅम.

अंडं चालत असेल तर एका अंड्यात ६ ग्रॅम. १०० ग्रॅम बांगडा किंवा चिकनमध्ये २० ग्रॅमच्या आसपास. कोकणात आणि गोव्यात मासळी रोजची असल्याने हे गणित सोपं जातं. मात्र तळलेल्या तुकडीऐवजी हुमण किंवा तव्यावर कमी तेलात भाजलेली तुकडी घ्या.

तेलाचा हिशोब महिन्याचा ठेवा: माणशी अर्धा लिटर. चार माणसांच्या घरात दोन लिटर. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२० कॅलरी, आणि फोडणीच्या वेळी थेट बाटलीतून ओतलं की दोन-तीन चमचे सहज जातात.

उपासाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी आणि प्रथिनं नावालाच. त्यात शेंगदाण्याचा कूट, तूप आणि बटाटा पडला की एका बशीत दुपारच्या जेवणाइतक्या कॅलरी होतात आणि तीन तासांत पुन्हा भूक लागते. उपास करायचा असेल तर दही, ताक, दूध, पनीर, राजगिरा, भगर, काकडी यांवर करा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर त्या दिवशीचा डोस आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

व्यायामाने एकट्याने वजन फारसं उतरत नाही, पण उतरलेलं टिकतं ते व्यायामानेच. आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालणं आणि दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकवून जोर, आणि प्रत्येकी दोन लिटर पाण्याच्या दोन बाटल्या उचलणं. प्रत्येकी दहाचे तीन फेरे. खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता आलं ते महिन्यातून एकदा लिहून ठेवा. वजन उतरताना हा आकडाही उतरत असेल तर तुमचे स्नायू जात आहेत.

इंजेक्शन कोणाला, कोणाला नाही

या औषधांच्या माहितीपत्रकाप्रमाणे बीएमआय ३० किंवा जास्त, अथवा २७ किंवा जास्त आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, झोपेतला श्वासरोध, हृदयविकार यांपैकी काही असेल तर ती देता येतात. महिन्याभरावर लग्न आहे आणि चार किलो कमी करायचे आहेत, यासाठी ती नाहीत.

स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग किंवा मेन-२ हा आनुवंशिक आजार असेल, तर ही औषधं द्यायची नाहीत. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर सहसा टाळतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना नाहीत. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. पीसीओएस असलेल्या बायकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: वजन उतरलं की अंडं सुटू लागतं आणि अनपेक्षित गर्भ राहू शकतो. शिवाय टिर्झेपॅटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचं शोषण कमी होतं. सुरुवातीला आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोध वापरावा. मधुमेह असेल तर आधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. साखर वेगाने उतरली की आधीचा पडद्याचा आजार काही काळ बिघडू शकतो.

कोणतं निवडायचं? चाचण्यांतले सरासरी आकडे असे आहेत: रोज घ्यायच्या लिराग्लुटाइड ३ मिलिग्रॅमने ५६ आठवड्यांत ८ टक्के, आठवड्याच्या सेमाग्लुटाइड २.४ मिलिग्रॅमने ६८ आठवड्यांत सुमारे १५ टक्के, टिर्झेपॅटाइडने ७२ आठवड्यांत डोसनुसार १५ ते २१ टक्के. समोरासमोरच्या चाचणीत टिर्झेपॅटाइडने २०.२ आणि सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के वजन उतरलं. पण ज्यांना आधी हृदयविकार होऊन गेला आहे आणि मधुमेह नाही, अशा जास्त वजनाच्या लोकांत सेमाग्लुटाइडने हार्ट अॅटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचं २०२३ मध्ये दिसून आलं. अशा रुग्णासाठी केवळ किलोंच्या आकड्यावर निवड करणं चुकीचं ठरेल.

डोस, सुई, फ्रीज

सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी: ०.२५ मिलिग्रॅम चार आठवडे, मग ०.५, १, १.७ प्रत्येकी चार आठवडे आणि सतराव्या आठवड्यापासून २.४. टिर्झेपॅटाइड २.५ मिलिग्रॅम चार आठवडे, मग ५, आणि गरज असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने २.५ ने वाढवत जास्तीत जास्त १५. पहिला डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच. पोटाला सवय व्हावी म्हणून असतो. ‘पहिल्या महिन्यात काहीच फरक नाही’ म्हणून डोस दुप्पट करणाऱ्यांना उलट्यांनी सलाईन लावायची पाळी येते. उलट, कमी डोसवर वजन नीट उतरत असेल तर वाढवायची गरज नसते, खर्चही वाचतो.

टिर्झेपॅटाइड कुपीतून घेत असाल तर हे नीट वाचा. एका कुपीत ०.५ मिलिलिटर म्हणजे एक पूर्ण डोस असतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरिंज मिळतात: लाल टोपीची यू-४० आणि नारिंगी टोपीची यू-१००. ०.५ मिलिलिटर म्हणजे यू-१०० सिरिंजवर ५० च्या रेघेपर्यंत, पण यू-४० वर २० च्या रेघेपर्यंत. ‘पन्नास युनिट भरा’ एवढंच फोनवर ऐकून हाताला येईल ती सिरिंज घेतली की घोटाळा झालाच. टोपीचा रंग आणि सिरिंजवर छापलेला आकडा दोन्ही पाहा. एक कुपी दोघांत वाटणं किंवा उरलेलं औषध पुढच्या आठवड्याला ठेवणं, दोन्ही नको. एकदा टोचलेल्या कुपीत जंतू वाढू नयेत यासाठीचं रसायन त्यात नसतं.

जागा: पोट (बेंबीपासून दोन इंच सोडून), मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, किंवा दुसरं कोणी टोचणार असेल तर दंडाची मागची बाजू. दर आठवड्याला जागा बदला. पेन असेल तर सुई दर वेळी नवी. टोचल्यावर पेनच्या माहितीपत्रकात सांगितलेले सेकंद सुई आतच ठेवा, नाहीतर थेंब बाहेर राहतो. जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही.

साठवण २ ते ८ अंशांत. फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, डब्यात घालून. बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला चिकटवून नको. एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी टाकून द्यायचं. फ्रीजबाहेर किती दिवस चालतं हे प्रत्येक ब्रँडचं वेगळं आहे. खोक्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. उन्हाळ्यात नागपूर-जळगावकडे घरातलं तापमानच ३० अंशांवर असतं, तिथे ‘बाहेर चालतं’ हे धरून चालू नका. खरेदी ओळखीच्या केमिस्टकडून, बिल घेऊन, थंड पॅकसह. बॅच नंबर आणि मुदत बिलाशी ताडून पाहा.

डोस चुकला तर: टिर्झेपॅटाइड चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्या, नाहीतर तो आठवडा सोडा. वेगोव्हीच्या पुढच्या डोसला दोन दिवसांपेक्षा जास्त अवधी असेल तर घ्या. लागोपाठ दोन-तीन डोस चुकले तर जुन्याच मोठ्या डोसवर परत येऊ नका, डॉक्टरांना विचारून खालून चढा.

मधुमेह असेल तर पहिल्या इंजेक्शनाच्या आधी ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनचा डोस कमी करून घ्या, नाहीतर साखर धोकादायकरीत्या उतरते. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांपैकी गोळी चालू असेल तर ती बंद करायची का ते विचारा. या इंजेक्शनांबरोबर तिचा वेगळा फायदा नसतो. रक्तदाबाच्या गोळ्याही वजन उतरेल तशा कमी कराव्या लागतात. उठल्यावर चक्कर आली तर बीपी मोजा. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी किंवा एंडोस्कोपीआधी भूलतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचं सांगाच, कारण पोट सावकाश रिकामं होतं आणि भूल देताना अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

त्रास झाला तर

मळमळ, करपट ढेकर, बद्धकोष्ठता, जुलाब हे डोस वाढवल्यावरच्या आठवड्यात जास्त होतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: पोट हळू रिकामं होतंय आणि ताट आधीइतकंच वाढलं आहे. नेहमीच्या निम्मं वाढून घ्या, आधी उसळ-पनीर-अंडं खा, भात शेवटी. पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की थांबा. ‘ताटात टाकू नये’ हा संस्कार इथे थोडं वाढून पाळायचा. इंजेक्शनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळलेलं, मिसळीची तर्री, दारू टाळा. जेवल्यावर दोन तास आडवं होऊ नका. बद्धकोष्ठतेसाठी रात्री चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यातून, पण पाणी कमी पीत असाल तर इसबगोलानेच खडा होतो. दिवसभरात दोन लिटर पाणी ठेवा. उलट्या-जुलाब झाले तर ओआरएस घोट घोट घ्या. पाणी कमी होऊन मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

पोटाच्या वरच्या भागात सतत, असह्य, पाठीत जाणारी कळ आणि उलट्या: स्वादुपिंडाची सूज असू शकते, लगेच इस्पितळात. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे: पित्ताशयातले खडे. ते इंजेक्शनशिवायही वजन वेगाने उतरलं की होतात. म्हणूनच आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त उतरत राहिलं तर आनंद मानू नका, डॉक्टरांना कळवा. अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं तरी त्याच दिवशी दाखवा. हे फारच क्वचित होतं. दोन-तीन महिन्यांनी केस गळणं मात्र बरंच दिसतं. ते वेगाने वजन उतरल्याचा परिणाम असतो आणि सहसा थांबतं. प्रथिनं, लोह तपासून घ्या.

गोळ्या

ऑर्लिस्टॅट १२० मिलिग्रॅम तीन वेळा, जेवताना किंवा जेवल्यावर तासाभरात. खाल्लेल्या चरबीपैकी साधारण ३० टक्के न पचता बाहेर जाते. जेवण तेलकट असेल तर तेलकट जुलाब होतात आणि कपडे खराब होतात. जेवणात तेल-तूप नसेल तर ती वेळ सोडा. ए, डी, ई, के जीवनसत्त्वांची गोळी रात्री झोपताना. थायरॉइडच्या गोळीत आणि यात चार तासांचं अंतर. वजनातला फरक वर्षाला सरासरी तीन किलोच्या आसपास.

सेमाग्लुटाइडची गोळी (रायबेल्सस) भारतात मधुमेहासाठी मिळते. ती उपाशीपोटी, १२० मिलिलिटरपेक्षा कमी पाण्याबरोबर आणि त्यानंतर अर्धा तास काही नाही, चहासुद्धा नाही. चहाबरोबर घेतलेली गोळी वाया जाते. मेटफॉर्मिन मधुमेहात आणि पीसीओएसमध्ये उपयोगी आहे. वजन त्याने दोन-तीन किलोच उतरतं.

सिब्युट्रामाइन या औषधावर हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंदी आली. ‘पूर्ण नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या कॅप्सूलमध्ये आणि कॉफीत ते लपवून घातल्याचं जगभरातल्या औषध नियंत्रकांना पुन्हा पुन्हा सापडलं आहे. छातीत धडधड, तोंडाला कोरड, झोप न येणं अशी लक्षणं ‘नैसर्गिक’ पावडरीने दिसली तर ती बंद करा आणि पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

शस्त्रक्रिया

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार बीएमआय ३५ पासून सर्वांना आणि ३० पासून चयापचयाचे आजार असलेल्यांना शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. आशियाई लोकांसाठी २७.५ पासून. पण आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटी वेगळ्या आहेत: वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४०, अथवा ३५ सोबत हृदयविकार, तीव्र श्वासरोध किंवा आटोक्यात न येणारा टाइप-२ मधुमेह, आणि आधीचे कमी त्रासाचे उपाय फसलेले असणं. म्हणून आहारतज्ज्ञांच्या भेटी, औषधांच्या चिठ्ठ्या, तारखांसह वजनाच्या नोंदी जपून ठेवा. पूर्वमंजुरीच्या वेळी त्याच मागतात.

स्लीव्ह या शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढतात. बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे, जठराच्या) जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. जोराचं आम्लपित्त असेल तर स्लीव्हनंतर ते वाढू शकतं, तिथे बायपास बरा. लायपोसक्शन हा लठ्ठपणावरचा उपचार नाही. कातडीखालची चरबी काढल्याने साखर किंवा यकृत सुधारत नाही.

आधी किमान सहा आठवडे तंबाखू, मिश्री, सिगारेट पूर्ण बंद, आणि साधारण दोन आठवडे कमी कॅलरींचा आहार, ज्यामुळे यकृत आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. नंतर दोन आठवडे पातळ पदार्थ (गाळलेलं वरण, ताक, प्रथिनांचं पेय), ३० मिलिलिटरच्या घोटांनी. पुढे दोन आठवडे मऊ गुरगुट्या पदार्थ, मग हळूहळू नेहमीचं. खाताना पाणी नाही, अर्धा तास आधी-नंतर. प्रथिनं ६० ते ८० ग्रॅम.

पहिल्या आठवड्यात नाडी १२० च्या वर, ताप, वाढतं पोटदुखणं किंवा धाप असेल तर टाक्यातून गळती होत असल्याचा संशय धरून रात्र असली तरी निघा. पुढे कधीही सतत उलट्या होत राहिल्या तर बी१ जीवनसत्त्व संपून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन द्यायला हवं, हे छोट्या दवाखान्यात आवर्जून सांगा. मल्टिव्हिटॅमिन, लोह, बी१२, कॅल्शियम सायट्रेट (१२०० ते १५०० मिलिग्रॅम) आणि डी हे आयुष्यभराचं आहे. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. बायपासनंतर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी जोडाच्या जागी अल्सर होतो. दारू आधीपेक्षा लवकर आणि जास्त चढते. गरोदरपण १२ ते १८ महिने लांबवा.

चालू ठेवायचं की थांबवायचं

सहन होणाऱ्या सर्वांत मोठ्या डोसवर तीन महिने झाले आणि वजन ५ टक्केही उतरलं नाही, तर ते औषध तुमच्यासाठी नाही. त्यावर पैसे घालवत राहू नका. उतरत असेल तर सात-आठ महिन्यांनी गती मंदावते. ते शरीर नव्या वजनाला स्थिरावत असल्याचं लक्षण आहे, औषध ‘संपल्याचं’ नाही.

सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग परत आल्याचं चाचण्यांत दिसलं आहे. त्यामुळे सुरू करण्याआधीच किमान दीड-दोन वर्षांच्या खर्चाचा हिशोब कागदावर मांडा. तीन महिन्यांपुरतेच पैसे असतील तर ते आहारतज्ज्ञ आणि ताकदीच्या व्यायामावर खर्च करणं शहाणपणाचं. थांबवायचंच असेल तर ताकदीचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवसांवर नेऊन, प्रथिनांचं ताट पक्कं बसल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस टप्प्याटप्प्याने खाली आणत थांबवा. सण-समारंभाच्या तोंडावर, गणपती-दिवाळीच्या आधी नको. बंद केल्यावर सहा महिने दर आठवड्याला वजन लिहा. सर्वांत कमी वजनापेक्षा तीन किलो वाढले, की पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. तीन किलोंवर पकडलेली वाढ आटोक्यात आणता येते. दहा किलोंवर आलात तर पुन्हा ०.२५ पासून चढावं लागतं.